मदरबोर्ड गेला म्हणे!

आमच्या पापडीत पाऊस सुरू झाला की पापड सादळतात, माचिस सादळते, पुस्तकांना बुरशी येते. लॅपटॉपही सादळतो, हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

माझा लॅपटॉप २०१३ सालचा. आधी दादाचा होता, मग माझ्याकडे आला. मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनला पाच दिवस उरले होते, मी घरी आले होते आणि त्याने मान टाकली. पॉवरचा दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी ठिक्कर. दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार होतील." घरी आल्यावर पप्पांनी काही न बोलता कपाटातून माझ्या मेसचे पैसे काढले. ते बघून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "पप्पा, एक दिवस थांबा. आधी मी बघते."

त्या एका दिवसात जे शिकले ते इथे लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

सुरुवात करण्याआधी

चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. कधी कधी एवढ्यानेच मशीन सुरू होतं. बॅटरी आतल्या बाजूला असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर काढायचं. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, सरळ जाणकाराकडे द्या. आत हात घालण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. नाहीतर शेवटी दोन स्क्रू उरतात!

मी सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढली, यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट कॉपी करून घेतला. मशीन नवीन मिळतं, तीन महिन्यांचं काम मिळत नाही.

१. वीज येते का?

दिवाच लागत नसेल तर आधी चार्जर तपासा. बहुतेक चार्जर १९ व्होल्टच्या आसपास असतात, नक्की आकडा त्यावर छापलेला असतो. लॅबमधला मल्टिमीटर लावा. रूममेटचा चार्जर लावून बघायचा असेल तर व्होल्ट तेच हवेत, पिन आणि पोलॅरिटी तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत.

२. स्क्रीन गेली की मशीन?

अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर मशीन चालू आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. मग बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. त्यावर चित्र आलं तर दोष स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. माझ्याकडे दोन्हीकडे अंधारच. म्हणजे आणखी आत जायला हवं होतं.

३. रॅम

पंखा फिरतो पण चित्र नाही, अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. माझ्यात ४ जीबीच्या दोन स्टिक होत्या. दोन्ही काढल्या, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. ते नसेल तर स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पण खूप घासू नका, वरचा मुलामा निघतो. खोडरबरचा कीस झटकून टाका.

आता मुख्य मुद्दा: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पहिली स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये लावली आणि मिनिटभर थांबले. लोगो आला! आनंदाने दुसरी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, परत अंधार. वाटलं, दुसरी स्टिक खराब. पण तीच पहिल्या स्लॉटमध्ये लावली तर चालली. म्हणजे दोन्ही स्टिक चांगल्या, दोष दुसऱ्या स्लॉटचा. टॉर्चने बघितलं तर त्याच्या पिनांवर हिरवट डाग होते. ब्रशने साफ करूनही तो स्लॉट सुधारला नाही.

गंमत म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. स्लॉट मदरबोर्डवरच असतो. पण एक स्लॉट गेला म्हणजे अख्खा बोर्ड गेला, असं नाही.

४. बाकीची लक्षणं

- थोड्या वेळात तापून बंद पडतो: पंखा आणि हीटसिंक यांच्यामधला धुळीचा थर काढा, थर्मल पेस्ट बदला.
- तारीख-वेळ सारखी मागे जाते: बोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल बदला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो.
- हार्ड डिस्क टकटक वाजते: प्रयोग नकोत, लगेच बॅकअप घ्या.
- कीबोर्डवर चहा सांडला: लगेच बंद करा, चार्जर-बॅटरी काढा, उलटा धरा. "चालतोय का" बघायला चालू करू नका, शॉर्ट तिथेच होतो.

रॅम आणायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुनी स्टिक सोबत न्या. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. डीडीआर३ मध्येही काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच लागते.

माझा लॅपटॉप आज एकाच स्टिकवर, हलकं लिनक्स टाकून चालतोय. सबमिशन वेळेत झालं. मेसचे पैसे पप्पांनी परत कपाटात ठेवले आणि म्हणाले, "आता टीव्हीचा रिमोटपण बघ जरा."

तोही बघितला. सेल उलटे घातले होते!