कान ऐकतो, पण मेंदू?

माणूस गेला हे कसे ओळखावे? आमच्या गावी नाकाशी सूत धरतात, नाडी पाहतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मानसशास्त्राच्या तासाला श्रवणसंवेदनेचा पाठ झाला, त्यावरून वाचनालयात वाचू लागलो, आणि हा प्रश्न किती अवघड आहे हे ध्यानात आले.

श्वसनयंत्रामुळे छाती हलत राहते, हृदय चालते, अंग उबदार असते. पण मेंदू कायमचा निकामी झालेला असू शकतो. आपल्या देशात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा, मृत्यू हा मृत्यूच मानला आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. बाहुल्या प्रकाशाने आकसतात का, यंत्र काढल्यावर आपणहून श्वास येतो का, इत्यादी गोष्टी त्यात पाहतात.

या तपासणीला काही ठिकाणी श्रवणाच्या चाचणीची जोड देतात. कानात 'टिक टिक' असे आवाज शेकडो वेळा सोडतात. डोक्यावर व कानाजवळ लावलेले इलेक्ट्रोड त्यांचे विद्युत्-उत्तर टिपतात. निरोगी माणसात सेकंदाच्या शंभराव्या भागात पाच प्रमुख लहरी उमटतात. जेवेट आणि विलिस्टन यांनी 1971 मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. पहिली लहर कानाच्या मज्जातंतूची. पुढच्या लहरी मस्तिष्कस्तंभातून वर जाणाऱ्या वाटेवरच्या.

येथेच खरी मेख आहे. पहिली लहर उमटली आणि तिसरी ते पाचवी उमटलीच नाही, तर अर्थ असा की हाक दारापर्यंत पोचली, पण आत उत्तर देणारे कोणी नाही. मात्र एकही लहर नसेल, तर कानच बधिर असू शकतो किंवा मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. मेंदूमृत्यूत पुष्कळदा पहिली लहरही जाते. म्हणून नुसत्या शांततेवरून निर्णय देता येत नाही.

या चाचणीचा मोठा गुण असा की, गुंगीच्या औषधांनी मेंदूचा नेहमीचा विद्युत्-आलेख सपाट झाला तरी या लहरी बहुधा टिकून राहतात. परंतु ती श्रवणाची एकच वाट तपासते. म्हणून ती साहाय्यक ठरते, मुख्य तपासणीची जागा घेत नाही.

"छाती तर हलतेय, मग गेला कसा म्हणता?" असे एखाद्या आईने विचारले, तर तिला हिशेबासारखे चोख उत्तर मिळाले पाहिजे. मला वाटते, शास्त्राचा मोठेपणा 'गेला' असे म्हणण्यात नाही; ते म्हणण्यापूर्वी पुन्हा पुन्हा हाक मारून पाहण्यात आहे.