आधी भोक, मग बी

बाय, शाळेत रुजू झालीस, खोली भाड्यानं घेतलीस, आता ओट्यावर भाजी लावायची म्हणतेस. लाव की. पण बियांची पाकिटं मागाहून आण, आधी डब्यांना भोकं पाड. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा असो की प्लास्टिकची बादली, तळाला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोकं हवीतच. आपल्याकडं वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथं डब्यातलं झाड तहानेपेक्षा बुडूनच जास्त मरतं. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही घासलेला असला तरी घेऊ नकोस.

खाचरातली माती कुणी फुकट देईल. ती नुसती भरलीस तर पावसात चिखल आणि दिवाळीनंतर वीट. दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं तूस. तूस भातगिरणीवर मिळतं. कोंडा आणू नकोस, तो आंबतो आणि मुंग्यांना आवतण देतो. शेणखतात हात घाल. गरम लागलं की समजायचं, अजून महिनाभर थांबायचं आहे. तुसानं डबा हलका राहतो, आणि भाडेकरूला हलकाच डबा बरा. २० लिटरची बादली नुसत्या मातीनं भरून भिजली की ३० किलोच्या घरात जाते. डबे विटांवर ठेव; पाणी निचरतं, ओट्यावर डागही पडत नाहीत. घरमालकिणीला आधी विचार. पहिली जुडी तिच्या घरी गेली की पुढचं बोलणं सोपं होतं.

जुडी मेथीची म्हणतेय मी, पण ती भर पावसात पेरू नकोस, कुजते. कोथिंबीरही तशीच. दोन्ही दसऱ्यानंतर. धणे हलक्या हातानं रगडून दोन फोडी कर, रात्रभर भिजव. मेथी महिन्याभरात हाताशी येते. पावसाळा वेलांचा: शिराळी, पडवळ, काकडी. खताची रिकामी गोणी धुऊन घे, तिच्यात जूनमध्ये बी टोच, आणि सुतळी खिडकीच्या गजाला बांध. गोणी पागोळ्यांखाली मात्र नको, माती उडून मुळं उघडी पडतात.

भेंडी लावशीलच. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशात जाते, मग आपण का विकत आणायची? तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून डबा फूटभर तरी खोल हवा आणि एका डब्यात दोनच झाडं. उपटायला जीव होत नाही म्हणून पाच ठेवलीस तर पाचही मरतुकडी. एक दिवसाआड तोड. चार दिवस गावाला गेलीस की भेंडी जून झालीच. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. त्याला औषध नाही, झाड उपटून लांब टाक.

चैत्र-वैशाखाचं आत्ताच ऐकून ठेव. भातसा धरण आपल्या शहापूर तालुक्यात, तानसा धरण आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि इथल्या पाड्यांवर टँकरची वाट. तेव्हा नवं काही पेरायचं नाही. दोन मिरच्या आणि एक वांगं जगवलंस तरी पुष्कळ. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाल. मिठाचं, साबणाचं नको. घालण्याआधी मातीत बोट दोन पेरं खुपस, ओल लागली तर तांब्या परत ठेव. पश्चिमेकडून जुनी सुती साडी बांध, दुपारचं ऊन अडतं.

आणि बदलीचा कागद आला तर मिरचीचे डबे टेम्पोत आधी चढवू नकोस, सगळ्यात शेवटी, कडेला. बाकी डबे रिकामे कर, पण माती टाकू नकोस, गोणीत भरून ने. नव्या गावात शेणखत कुणाकडं मिळतं हे कळायलाच महिना जातो.