माळवदाचे घर

पावसाळी ढग आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते करतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या वाट्याला थोडेच उरते. तेथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वैशाखात पारा ४० अंशांच्याही वर चढतो.

अशा उन्हात मनुष्याने शांत चित्ताने वाचन वा ध्यान कसे करावे? पूर्वजांनी याचे उत्तर पायाखालच्या मातीत शोधले. त्यांनी पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती उभारल्या व खिडक्या लहान ठेवल्या. तुळयांवर लाकडे व पाला पसरून त्यावर मातीचा जाड थर चोपला. हेच माळवद होय. कोकणच्या मुसळधार पावसात असे सपाट छप्पर टिकणार नाही. येथे मात्र ते शोभते.

जाड माती सावकाश तापते. दुपारची उष्णता भिंतीतून आत पोहोचेपर्यंत सायंकाळ होते. मग दारे उघडली, की रात्रीचा वारा घर निववितो.

ही घरे निर्दोष नव्हती. दर वर्षी माळवदावर नवी माती घालावी लागे. हयगय झाली, की छत गळे. म्हणून लोकांनी पत्रा व सिमेंट जवळ केले. कष्ट वाचले, परंतु पत्रा उन्हात लवकर तापतो आणि घराची भट्टी होते.

जुनी घरे जशीच्या तशी बांधणे आज सर्वांना शक्य नाही. तथापि जाड भिंत, दाट सावली आणि रात्रीचा वारा यांचा उपयोग नव्या घरातही करता येतो. त्यांना वीज लागत नाही.