सुपातलं शहर : चार्ल्सटन

स्नेहसंमेलनासाठी चार्ल्सटनला येणाऱ्या मंडळींनी पावसाच्या अंदाजाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं, ही आम्हा यजमानांची पहिली सूचना. आकाश निरभ्र असतं, पावसाचा टिपूस नसतो, आणि तरी मोठ्या उधाणाच्या दिवशी जुन्या शहरातल्या काही गल्ल्यांत घोटाभर पाणी चढतं. गटारांच्या जाळ्यांतून खाडीच वर येते. पाहुणे फोटो काढतात आणि इथली माणसं मुकाट्याने गाडी उंचावर नेऊन लावतात. कोकणातल्या माणसांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी चपलांचा एक जोड जास्त आणावा.

ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखी शिरलेली जमीन म्हणजे जुनं चार्ल्सटन. या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि त्यांचा अटलांटिक महासागर होतो, असं इथले जुने रहिवासी गंभीर चेहऱ्याने सांगतात. पुणेकरांनी निर्धास्त असावं, त्यांना इथे परकं वाटणार नाही. इंग्रजांनी १६७० मध्ये ॲशलीच्या पलीकडे वसाहत केली आणि दहा वर्षांनी ती या जिभेवर हलवली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली लढाई १२ एप्रिल १८६१ रोजी याच बंदरात, फोर्ट सम्टरवर तोफा डागून सुरू झाली. हे सगळं तुम्हाला घोडागाडीवाला सांगेलच. मला सांगायचं आहे ते तांदळाबद्दल.

मी पेणकडच्या खारेपाटातली. इथे राहायला आले त्याच महिन्यात मीटिंग स्ट्रीटवरच्या चार्ल्सटन म्युझियममध्ये गेले. अमेरिका हा देश जन्मायच्या आधी, १७७३ मध्ये, स्थापन झालेलं हे संग्रहालय स्वतःला देशातलं पहिलं म्हणवतं. छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा, चांदीची भांडी, बंदुका असं बघत पुढे सरकले आणि एके ठिकाणी पाय थांबले. समोर सूप होतं. आपल्यासारखं पुढून उघडं, बुरुडाने बांबूच्या कामट्यांनी विणलेलं नव्हे. गवताच्या वळ्या एकावर एक शिवून केलेलं, परातीसारखं गोल आणि उथळ. पण काम तेच, कांडलेला तांदूळ पाखडायचं. जोडीला लाकडी उखळ आणि दोन्ही टोकांना जाड, मध्ये मुठीपुरतं बारीक असं मुसळ. माझ्या आजीची पडवी काढून कोणी इथे आणून ठेवावी, तसं वाटलं.

या सुपाने हे शहर उभं केलं. अठराव्या शतकात चार्ल्सटनची गणना ब्रिटिश अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शहरांत होत होती आणि ती श्रीमंती आली ‘कॅरोलिना गोल्ड’सारख्या तांदळातून. मादागास्करहून आलेल्या एका गलबताच्या कप्तानाने तांदळाची पिशवी भेट दिली आणि शेती सुरू झाली, अशी गोष्ट इथे आवडीने सांगतात. गोष्ट छान आहे, पण पिशवीभर बियाण्याने भात पिकत नाही. चिखलात बांध कुठे घालायचा, पाणी कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं, टाचेने बी कसं दाबायचं, कांडताना कणी कमी कशी पडू द्यायची, हे ज्याला कळतं त्याच्या हाताने भात पिकतो. ते हात पश्चिम आफ्रिकेतून, सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या भातशेतीच्या किनाऱ्यावरून, साखळदंडांत बांधून आणलेल्या माणसांचे होते. १७०८ च्या सुमारासच या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळ्या माणसांची संख्या जास्त झाली होती.

खारेपाटात आपण बांधबंदिस्ती करतो ती खारं पाणी बाहेर ठेवायला, आणि उघाडीतून शेतातलं पाणी ओहोटीला सोडून देतो. इथे युक्ती वेगळी होती. भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढतं, तेवढ्या पट्ट्यात शेतं आखायची आणि बांधातल्या लाकडी दरवाजातून ते गोडं पाणी आत घ्यायचं. या दरवाजाला इथे ‘ट्रंक’ म्हणतात, कारण सुरुवातीला ते पोकळ केलेलं झाडाचं खोडच असे. शेकडो एकर दलदल आणि मैलोन्‌मैल बांध, सगळं फावड्या-टोपल्यांनी केलेलं. उन्हाळ्यात तिथे हिवतापाचं थैमान असे, म्हणून मालक शहरातल्या वाड्यांत राहायला येत. मजूर चिखलातच राहत.

आता ते वाडे बघा. इथल्या घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असते, घर एका खोलीएवढंच रुंद, आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला समुद्रावरचा वारा पकडणारी लांबलचक पडवी. तिला इथे ‘पियाझा’ म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडून तुम्ही घरात नाही, पडवीत शिरता. पडवीचं छत बऱ्याचदा फिकट निळं रंगवलेलं असतं, भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून. काही भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या मोठ्या भूकंपानंतर तडकलेली घरं आरपार लोखंडी गज घालून आवळली, त्यांची ही टोकं. रेनबो रोची रंगीत घरं बघाच, पण एकच वाडा आतून बघायला वेळ असेल तर एकेन-रेट हाउस बघा. तिथे डागडुजी करून चकचकाट केलेला नाही. उडालेला रंग, फाटलेला भिंतीचा कागद तसाच ठेवला आहे, आणि मागच्या अंगणात गुलामांच्या राहण्याच्या खोल्याही तशाच उभ्या आहेत. जुन्या विटांवर कुठे कुठे बोटांचे ठसे सापडतात. ओली वीट उचलताना उमटलेले, काही तर पोरांचे.

म्युझियममधली आणखी एक वस्तू चुकवू नका : तांब्याचे छोटे बिल्ले. त्यावर चार्ल्सटन हे नाव, वर्ष, क्रमांक आणि काम कोरलेलं. नोकर, हमाल, कोळी, फळविक्या. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला लावी, तेव्हा नगरपालिकेकडे दरवर्षी पैसे भरून हा बिल्ला घ्यावा लागे. आपल्याकडे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरही बिल्ला असतो, पण त्याची हमाली त्याच्या खिशात जाते.

बाजाराबद्दल एक गैरसमज आधीच दूर करते. सिटी मार्केट म्हणजे गुलामांचा बाजार, असं अनेक पाहुणे धरून चालतात. तिथे माणसं विकली गेली नाहीत. मटण, मासळी, भाजीपाला विकला जाई आणि विकणाऱ्यांत गुलाम आणि मुक्त काळ्या बायका पुष्कळ असत. पिंकनी घराण्याने १७८८ मध्ये ही जागा बाजारासाठीच शहराला दिली. पुढचा देवळासारखा मार्केट हॉल १८४१ चा. त्याच्या माथ्यावरच्या नक्षीत बैलांच्या आणि मेंढ्यांच्या कवट्या आहेत, म्हणजे आत काय मिळतं हे निरक्षरालाही कळे. खाटकांनी फेकलेल्या तुकड्यांवर गिधाडं जमत आणि लोक त्यांना ‘चार्ल्सटनचे गरुड’ म्हणत. आज तिथे चार चौकांएवढ्या लांब शेडमध्ये साबण, टोप्या, मसाले आणि बरंचसं कुठेही मिळणारं सामान आहे. ते सोडून द्या. टोपल्या विणणाऱ्या बायकांपाशी थांबा.

माणसांची विक्री होई ती जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीजवळ, भर रस्त्यात. १८५६ मध्ये शहराने रस्त्यावरच्या लिलावांना बंदी घातली. कणव येऊन नव्हे, ते दृश्य शोभेना म्हणून. मग लिलाव चार भिंतींच्या आत गेले. चामर्स स्ट्रीटच्या ओबडधोबड दगडांवरून चालत गेलात की ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम लागेल, तीच ती जागा. छोटंसं आहे, तासाभरात बघून होतं, पण नंतर लगेच जेवायला जायचा बेत ठेवू नका.

इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला मात्र अर्धा दिवस द्या. जोसेफ रायली हे तब्बल चाळीस वर्षं इथले महापौर होते. त्यांनी २००० मध्ये ही कल्पना मांडली आणि दारं उघडली २०२३ मध्ये. जागा आहे गॅड्सडेन्स वॉर्फ. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अंदाजे ४० टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले आणि १८०८ मध्ये आयातीवर बंदी येण्याआधीच्या शेवटच्या काळात त्यांतले हजारो याच धक्क्यावर उतरले. म्हणून इमारत जमिनीला टेकवलेली नाही, अठरा खांबांवर उचलून धरली आहे. खालच्या मोकळ्या जागेत गुलामांच्या जहाजात दाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृत्या फरशीत कोरल्या आहेत आणि त्यांवरून पाणी भरतं, ओसरतं. मी तिथे बूट काढून उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

एका इमारतीपुढे बस थांबवायचा आमचा विचार आहे. ईस्ट बे स्ट्रीटवरची लाल विटांची सिगार फॅक्टरी. आता तिथे ऑफिसं आणि दुकानं आहेत. ऑक्टोबर १९४५ मध्ये इथल्या तंबाखू कामगारांनी संप केला, त्यांत बहुतेक काळ्या बायका होत्या. पावसापाण्यात, थंडीत दारावर धरणं धरताना त्या एक भक्तिगीत आपल्या मागणीला जुळवून म्हणत. ते पुढे बदलत बदलत नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं. आपण शाळेच्या मैदानात हातात हात धरून ‘हम होंगे कामयाब’ म्हणत होतो, ते त्याच गाण्याचं हिंदी रूप.

खाण्याकडे येते. शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. ‘कोलार्ड’ ही दिसायला साधी पालेभाजी, पण तिच्यात बहुतेक वेळा डुकराचं हाड शिजलेलं असतं. विचारून घ्या, वाढणाऱ्याला राग येत नाही. ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या कण्या आणि वर कोळंबी. कण्या दुधा-लोण्यात शिजवलेल्या असतील तर उत्तम, नाहीतर खळ. भेंडीचं सार मिळेल. नवीन वर्षाच्या दिवशी ‘हॉपिन जॉन’ नावाचा चवळी-भात खाल्ला की वर्षभर बरकत राहते म्हणतात. तिळाच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांना ‘बेनी वेफर’ म्हणतात आणि ‘बेनी’ हा तिळाला पश्चिम आफ्रिकी शब्द, संक्रांतीला आम्ही हीच वाटतो. रस्त्याच्या कडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. साऊथ कॅरोलिनाने त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं आहे! बेत ठरवणाऱ्या समितीला मी सुचवलं होतं की संमेलनात ढोकळ्याऐवजी याच ठेवा. मतदानात हरले.

कॅरोलिना गोल्ड तांदूळ गुलामी संपल्यावर आणि एकामागून एक आलेल्या वादळांत बुडाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसाच झाला. आता थोडाफार पुन्हा पिकवतात आणि दाम दुप्पट घेतात. चव चांगली आहे. आंबेमोहोराची सर नाही.

बाकीचं भराभर. वाडमलॉ बेटावर चहाचा मळा आहे. चहाबाजांनी जाऊन यावं. जॉन्स बेटावरचा एंजल ओक काहीशे वर्षांचा, फांद्या जमिनीला टेकलेल्या. झाडांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा शेवाळाच्या नाहीत, ती वनस्पती अननसाच्या कुळातली. आपल्यातली बरीच मंडळी वैद्यकीय विद्यापीठात आणि बोइंगच्या कारखान्यात आहेत. त्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं ड्रीमलायनर २०१२ मध्ये एअर इंडियाकडे गेलं, हे त्यांच्यापैकी कोणीतरी तुम्हाला ऐकवणारच. कॅल्हून स्ट्रीटवरच्या मदर इमॅन्युएल चर्चसमोरून गेलात तर जरा थांबा. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना तिथे एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्याला त्यांनी आत बोलावून आपल्यात बसवून घेतलं होतं.

टोपली घ्यायची असेल तर माउंट प्लेझंटला, हायवे १७ च्या कडेच्या लाकडी टपऱ्यांवर जा. स्वीटग्रास नावाचं सुवासिक गवत, पाइनच्या सुया आणि वळ्या शिवायला ताडाच्या जातीच्या पामेटोच्या पट्ट्या. भोक पाडायला चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा. लहानशा टोपलीलाही दिवसच्या दिवस लागतात, तेव्हा कृपा करून घासाघीस करू नका.

मी गेले तेव्हा टपरीच्या मागच्या खिळ्याला जुनं, काळपट पडलेलं सूप टांगलं होतं. किंमत विचारली. ते विकायचं नाही, आईचं आहे, असं विणणाऱ्या बाई म्हणाल्या. आमच्याकडेही असतं, मी म्हटलं, माझी आजी पाखडायची. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, सूप काढून माझ्या हातात दिलं. दाखवा म्हणाल्या. रिकाम्याच सुपाने मी दोनदा आसडून दाखवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग मान हलवत माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, असं नाही, असं गोल.