आजचं मनन : तीन दिवस कोणी शोधलं?

वाचन : लूक 2:41-52

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलाय. ऐकतोय, प्रश्न विचारतोय, सगळे थक्क! पण त्याला शोधत वणवण फिरले ते मरिया आणि योसेफ. मग तो त्यांच्यासोबत नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला.

मित्रांनो, बुलढाण्यात कापूस-सोयाबीन पिकवणारा एखादा बाप कॉन्व्हेंटच्या पालकसभेत इंग्रजी येत नाही म्हणून मागे गप्प बसतो. पण आईवडीलच मुलांचे पहिले शिक्षक, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच सांगितलंय. शाळा त्यांच्या मदतीला आहे, त्यांच्या जागी नाही. मग शाळेने त्यांचं मराठीत ऐकायला नको?

आणि शिकून शहरात आलेले आपण? आज घरी फोन करा.

प्रार्थना : प्रभू, ज्यांनी आम्हाला शाळेत धाडलं, त्यांची आम्हाला कधी लाज न वाटो. आमेन.