हद्दीची राखण

बाबा : तुझ्या बोलण्यात 'थर' हा शब्द वारंवार येतो. आज्ञावली म्हणजे अखेर यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका. तिला थर कशाला हवेत, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले तर बिघडते काय?

कन्या : जी आज्ञावली एका माणसाच्या स्मरणात मावते तिला थर नसले तरी चालते, बाबा, परंतु जिच्यावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करतात, तिचा एखादा भाग बाकीच्या सर्व भागांची माहिती नसतानाही समजून घेता येईल अशी व्यवस्था केली नाही, तर पुढे तिला हात लावायला कोणी धजत नाही. आइंडहोव्हेन येथील तंत्रविद्यापीठात बांधलेल्या आणि १९६८ साली डाइक्स्ट्रा यांनी वर्णिलेल्या प्रणालीत हे तत्त्व फार शुद्ध रूपात दिसते : तळाशी प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा थर, त्यावर मेमरीची व्यवस्था पाहणारा, त्यावर चालकाशी होणारे संभाषण सांभाळणारा, त्यावर उपकरणांचा आणि त्यावर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम, प्रत्येकाने खालच्याची सेवा घ्यावी, वरच्यावर विसंबू नये.

बाबा : मग हे आमच्या महसूल खात्यासारखेच झाले. तलाठ्याचा कागद मंडल अधिकाऱ्याकडून तहसीलदाराकडे जायचा. कोणी तो परस्पर जिल्हाधिकारी कचेरीत नेला, तर 'योग्य मार्गाने सादर करावा' असा शेरा घेऊन परत यायचा.

कन्या : शिस्त तीच, पण आपला साहेब कोण हे तलाठ्याला पक्के ठाऊक असते, आणि आमच्याकडे खालच्या थराचे नेमके तेच अज्ञान जपावे लागते. क्रोम ब्राउझर ज्या खुल्या कोडवर उभा आहे त्या क्रोमियमचेच पाहा. तेथे 'बेस' आणि 'नेट' यांसारखे पायाचे भाग आहेत, त्यांच्यावर वेबपृष्ठे चालवणारा 'कंटेंट' हा थर आहे, आणि बुकमार्क, एक्स्टेंशन अशा सोयी पुरवणारा 'क्रोम' हा थर त्याच्याही वर आहे. कंटेंटला क्रोमचा पत्ता नाही, म्हणूनच डेस्कटॉपवरचे प्रोग्राम बांधण्याचे 'इलेक्ट्रॉन' हे साधन त्याच कंटेंटवर उभे राहू शकले.

बाबा : नियम इतका हितकर असताना तो मोडतो कोण?

कन्या : सज्जन आणि घाईत असलेला माणूस. मुदत उद्याची असते, हवे ते फंक्शन वरच्या थरात तयार असते, आणि 'इन्क्लूड'ची एक ओळ लिहिली की काम भागते. कंपायलरची त्यास हरकत नसते, कारण भाषेच्या व्याकरणात थरांना स्थान नाही. परीक्षण करणाऱ्या ज्येष्ठाच्या समोर बदललेल्या शेकडो ओळी असतात, त्यांतली ही एक ओळ त्याच्या नजरेतून निसटते. पेरी आणि वुल्फ यांनी १९९२ साली या झिजेला वास्तुरचनेची धूप असे नाव दिले. भिंतीवर लावलेल्या आकृत्यांनी ती थांबलेली मी पाहिलेली नाही.

बाबा : मग पहारा कसा बसवतात?

कन्या : क्रोमियममध्ये फोल्डरांतून 'डेप्स' नावाची फाइल ठेवलेली असते. कोणत्या भागाचा आधार घेण्यास मुभा आहे ते तीत अधिक चिन्हाने आणि कोणत्या भागाचा निषिद्ध आहे ते वजा चिन्हाने नोंदवतात. नवा बदल परीक्षणासाठी पाठवण्यापूर्वीच 'चेकडेप्स' हा छोटा प्रोग्राम त्यातील इन्क्लूडच्या ओळी या नोंदींशी ताडून पाहतो आणि आगळीक आढळल्यास ती ओळ दाखवतो. माझ्या मते या व्यवस्थेचे सारे मोल या वेळेत आहे : चूक एका ओळीची असतानाच ती दुरुस्त होते, तिच्यावर दहा नवी कामे उभी राहिल्यानंतर नव्हे, आणि ज्येष्ठाला कनिष्ठाशी त्यावरून वाद घालावा लागत नाही. जावासाठी 'आर्कयुनिट', पायथनसाठी 'इम्पोर्ट-लिंटर' ही साधने अशाच कामाची आहेत.

बाबा : पण जेथे अतिक्रमणे आधीच झाली आहेत, तेथे असे फर्मान काढले तर पहिल्याच दिवशी सारे काम ठप्प होईल.

कन्या : हाच खरा कठीण प्रश्न आहे, आणि पुष्कळ संघ येथेच हाय खातात. आर्कयुनिटमध्ये नियम 'गोठवता' येतो : आज असलेल्या सर्व उल्लंघनांची यादी नोंदवून ठेवायची, त्यांना तूर्त अभय द्यायचे, नव्या उल्लंघनाला मात्र थारा द्यायचा नाही, आणि जुने एखादे दुरुस्त झाले की ते यादीतून कायमचे खारीज होते. क्रोमियमच्या डेप्समध्ये यासाठी उद्गारचिन्ह आहे. अशी यादी लहान होत जाताना पाहणे हे माझ्या कामातले मोठे समाधान आहे.

बाबा : आणि खालच्याला वरच्याची गरज खरोखरच पडली तर?

कन्या : तर खालच्याने आपली मागणी आपल्याच हद्दीत लिहून ठेवायची आणि वरच्याने येऊन ती पुरी करायची. कंटेंटने 'कंटेंट-ब्राउझर-क्लायंट' नावाचा इंटरफेस जाहीर केला आहे. क्रोम तो आपल्या परीने भरून देतो, दुसरा ब्राउझर आपल्या परीने. काम होते, अवलंबनाची दिशा मात्र बदलत नाही. पहारेकऱ्याने अडवल्यामुळेच माणूस या रचनेपाशी येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बाबा : म्हणजे यंत्राने सही केली की सारे निर्दोष?

कन्या : मुळीच नाही. चेकडेप्स ओळी वाचतो, अर्थ वाचत नाही. दोन थरांनी एकाच डेटाबेसच्या तक्त्यात गुपचूप लिहायचे ठरवले, किंवा खालच्या थराने वरच्याचे धोरण स्वतःच्याच शब्दांत पुन्हा लिहिले, तर एकही नोंद मोडत नाही आणि हद्द मात्र पुसली जाते. ते माणसानेच ओळखायचे. हद्द कोठे आखायची हेही माणसानेच ठरवायचे.

बाबा : शेवटचे विचारतो. ज्याला ओळ अडली त्याने त्या डेप्समध्येच एक अधिक चिन्ह वाढवले तर?

कन्या : वाढवता येते, पण त्याच्या एकट्याच्या मर्जीने नाही. ज्या भागाचा आधार नव्याने घ्यायचा आहे, त्या भागाच्या जबाबदार व्यक्तींची नावे त्याच्या 'ओनर्स' फाइलमध्ये असतात, आणि त्यांच्यापैकी कोणाची तरी मंजुरी मिळाली आहे की नाही, तेही तपासले जाते.

बाबा : म्हणजे मंजुरी मागणाऱ्याच्या वरिष्ठाची नव्हे, ज्याच्यावर भार पडणार त्याची.

कन्या : हो, कारण उद्या त्याने आपल्या भागात बदल करायचे म्हटले, तर त्याला या नव्या आश्रिताचाही विचार करावा लागणार असतो.