‘नळदुर्ग’ किती जागा घेते?

प्रश्न : दुकानाच्या ग्राहकांची यादी मायएसक्यूएलमध्ये ठेवायची आहे. पिनकोड आणि गावाच्या नावासाठी कॅर घ्यावे की व्हारकॅर?
– एक वाचक, नळदुर्ग

उत्तर : पिनकोड कायम सहा अंकी, त्याला कॅर(६) चालेल. गावाला मात्र व्हारकॅरच घ्या. कॅर ठरलेली लांबी स्पेस घालून भरून काढते. व्हारकॅर एक-दोन बाइटांत लांबी नोंदवून आहे तेवढाच मजकूर ठेवते.

खरी मेख देवनागरीत आहे. उकार, काना, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात आणि यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ‘नळदुर्ग’ दिसायला चार अक्षरे, साठवताना ७ चिन्हे, २१ बाइट! व्हारकॅर(४) मध्ये ते मावणारच नाही. लांबी सढळ ठेवा.

जिल्ह्यासाठी वेगळा तक्ता करा. २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा अशा तक्त्यात एकच ओळ बदलावी लागली असती.